नाताळच्या कार्यक्रमाला या

जालना, ३० नोव्हेंबर

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "त्या मिशनच्या शाळेत तू लेकरांकडून नेमकं काय म्हणून घेतीस?" आणि तेवढ्यात रेंज गेली. नंतर मी मुद्दामच फोन लावला नाही. दोन मिनिटांत सांगून होण्यासारखं ते नाही, आणि बाबांना हल्ली फोनवर नीट ऐकूही येत नाही. म्हणून पत्र लिहायला बसले. आई, तू हे मोठ्याने वाचून दाखव. घाई करू नकोस.

आमची शाळा पहिली ते चौथी. प्रत्येक वर्गाला आठवड्यात गाण्याचे दोन तास, पस्तीस-पस्तीस मिनिटांचे. ख्रिस्ती लेकरं थोडी, बाकी सगळ्या घरांतली आहेत: मराठ्यांची, धनगरांची, बौद्धांची, मुसलमानांची. कुणाचा बाप स्टील कंपनीत, कुणाचा मोंढ्यात हमाल, कुणाची आई दुसऱ्याच्या मोसंबीच्या बागेत मजुरीला. सकाळी परिपाठाला राष्ट्रगीत, मग राज्यगीत, मग प्रार्थना. राष्ट्रगीत ५२ सेकंदांत झालं पाहिजे. आमची लेकरं शेवटच्या 'जय हे'वर इतकी रेंगाळायची की मिनिट उलटून जायचं. जूनभर मी घड्याळ हातात धरून उभी राहिले. आता बरोबर येतं.

बाबा, तुमच्या मनातला खरा प्रश्न मला कळला. आपली लेक दुसऱ्याच्या देवाची गाणी दुसऱ्यांच्या लेकरांना शिकवते, हे बरं का? राज्यघटनेच्या २८व्या कलमातच आहे की, सरकारमान्य किंवा अनुदानाच्या शाळेत पालकांच्या संमतीशिवाय कोणत्याही मुलाला धर्मशिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. आमच्या मोठ्या बाई हे फार कसोशीने पाळतात. नाताळच्या गाण्यांची चिठ्ठी आधी घरोघरी जाते, सही होऊन आली तरच मूल त्यात असतं. यंदा एकाही घरातून नकार आला नाही. एका आजीने तर निरोप धाडला, माझ्या नातवाला मेंढपाळ करा, घोंगडी घरचीच आहे.

आणि म्हणतात तरी काय, ते ऐका. तिसरीची लेकरं रेव्हरंड टिळकांचा अभंग म्हणणार आहेत. नारायण वामन टिळक, मूळचे कोकणातल्या करजगावचे, १८९५ साली ख्रिस्ती झाले. पण लहानपणापासून कानांत बसलेले अभंग त्यांनी टाकून दिले नाहीत. विलायती चालींना ओढून-ताणून मराठी शब्द बसवण्यापेक्षा त्यांनी भजन आणि कीर्तनच ख्रिस्ती मंडळींत आणलं. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असं ते सांगत. हे वाचलं त्या दिवशी मला तुमचीच आठवण झाली, बाबा. तुम्ही एकादशीला गाथा उघडता तेव्हा आधी तिला डोकं टेकवता, ते डोळ्यांसमोर आलं.

आणि तुमची पेटी! ती आपल्याकडची नाही, हे मला इथे येऊन कळलं. तिचा जन्म पॅरिसचा, १८४०च्या सुमाराचा. इकडे ती आली तेव्हा तिचा भाता पायाने मारायचा असे, आणि मिशनऱ्यांच्या प्रार्थनेत ती वाजे. पुढे कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी हाताच्या भात्याची पेटी काढली, तेव्हा कुठे ती मांडी घालून बसणाऱ्याच्या पुढ्यात आली. आपल्या देवळात तुम्ही चाळीस वर्षं वाजवताय ती पेटी अशी त्या घरातून आलेली आहे, आणि मी तुमचा अभंग त्या घरी घेऊन चालले आहे. यात मला तरी काही वावगं वाटत नाही.

इथे जालन्यातही हे काही आजचं नाही. एकोणिसाव्या शतकात, निजामाच्या राज्यात, नारायण शेषाद्री नावाच्या मराठी रेव्हरंडांनी जालन्याजवळ बेथेल हे गावच वसवलं होतं.

आई, तुझ्या जात्यावरच्या दोन ओव्या मी पहिलीला शिकवल्या. बेंचवर मधोमध एक खडू ठेवायचा, तो खुंटा समजून हात गोल फिरवायचा, एका फेऱ्याला एक ओळ. एकाही घरी आता जातं चालू नाही, पण हात फिरायला लागला की लय आपोआप धरली जाते, पळत नाही. टाळ्या वाजवून जे महिनाभर जमलं नव्हतं ते तुझ्या जात्याने दोन तासांत जमलं. मोठ्या बाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांनी मग सांगितलं की इंग्लंडहून गोव्यात आलेल्या फादर स्टीफन्स यांनी येशूची सगळी कथा मराठी ओवीतच लिहिली आणि ती १६१६ साली छापली गेली. चारशे वर्षं झाली! मी त्यांना म्हटलं, माझ्या आईला हे सांगितलं तर ती आधी चाल कोणती ते विचारील.

आता एक गोष्ट लिहिते, जी मी तुम्हाला कधी सांगितली नाही. मी चौथीत होते, गॅदरिंगला समूहगीत होतं. आई, तू नवं परकर-पोलकं शिवलं होतंस, अबोली रंगाचं. रंगीत तालमीच्या दिवशी गाणं बसवणाऱ्या बाईंनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, "तुझा आवाज वेगळा पडतो. तू नुसते ओठ हलव." मी हलवले. पूर्ण गाणंभर नुसते ओठ हलवले. रात्री बाबा मला सायकलवर पाठीमागे बसवून घरी आणत होते. वाटेत म्हणाले, "इतक्या पोरींत तुझा आवाज कसा बरोबर कळत होता मला." मी कॅरिअर घट्ट धरून बसले आणि काही बोलले नाही. बाबा, मी त्या दिवशी गायलेच नव्हते.

बाई वाईट नव्हत्या. त्यांना गाणं चांगलं व्हायला हवं होतं, एवढंच. पण पुढची दोन वर्षं मी शाळेत तोंड उघडलं नाही. गायले ते फक्त आपल्या ओसरीवर, गुरुवारच्या भजनात. तिथे म्हाताऱ्या अण्णांचा आवाज फाटलेला होता, कुणाचा चिरका होता, कुणी कायम मागे पडायचं, आणि त्यांना कुणी कधी गप्प बसवलं नाही. बुवा एक चरण म्हणायचे, सगळे मागून म्हणायचे. गांधर्व महाविद्यालयाच्या गाण्याच्या परीक्षा मी नंतर दिल्या. गाणं मला परत मिळालं ते त्या ओसरीवर.

म्हणून ऑगस्टमध्ये मोठ्या बाई म्हणाल्या, तिसरीतली पंधरा चांगल्या गळ्याची मुलं निवडा, तेव्हा मी नाही म्हटलं. नोकरीला दुसरंच वर्ष, तरी म्हटलं. वर्गात अडतीस मुलं आहेत, अडतीसही गातील, कुणीही नुसते ओठ हलवणार नाही. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "ठीक आहे, पण बेसूर झालं तर पाहुण्यांसमोर तुम्ही उभ्या राहा." मी कबूल केलं.

आधी झालंच बेसूर. आणि चूक मुलांची नव्हती. मी माझ्या सवयीने काळी चार, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी, 'सा' धरून शिकवत होते. अभंगाची चाल खाली मंद्र पंचमापर्यंत, म्हणजे खालच्या सप्तकातल्या 'प'पर्यंत, उतरते. आठ वर्षांच्या लेकरांचा गळा तिथे पोचत नाही, नुसता वारा ऐकू येतो. मग वर आलं की ती जोर लावून ओरडतात, आणि मोठी माणसं म्हणतात, या पोरांना सूर नाही. मी षड्ज, म्हणजे 'सा', वर पांढरी दोनवर नेला. शिकवताना पेटीही बंद ठेवली, कारण पेटी मोठ्याने वाजली की लेकरं तिच्यावर मात करायला बघतात. मी एक चरण म्हणायचं, त्यांनी मागून म्हणायचं, आपल्या ओसरीवरच्यासारखं. आठवड्यात फरक पडला.

एक मुलगा मात्र राहिला. शेवटच्या बाकावरचा, घरी शेळ्या आहेत, शाळा सुटली की त्यांच्यामागे जातो. तोंड उघडलं की एकच सूर, जमिनीला टेकलेला, आणि बाकीची पोरं मान वळवून हसत. एके दिवशी त्याला मधल्या सुट्टीत थांबवलं. म्हटलं, शेळ्या लांब गेल्या तर हाक कशी मारतोस? तो लाजला. दाराबाहेर कुणी आहे का बघितलं. मग दोन्ही तळवे तोंडाशी नेले, मान जरा वर केली आणि हाक दिली, "ह्योऽऽऽ!" खिडकीतलं कबुतर उडालं. इतका मोकळा सूर मी त्या वर्गात ऐकला नव्हता. पेटी उघडून शोधला, तर पांढरी सहा. म्हणजे आमच्या पांढरी दोनचा नेमका पंचम! मी म्हटलं, आता हीच हाक 'आ' करून दे. त्याने दिली. मग त्या पंचमावरून एकेक पायरी खाली. गंधारापाशी तो घसरायचा, की पुन्हा हाकेवर जायचं, पुन्हा उतरायचं. पंधरा दिवस मधली सुट्टी यातच गेली. तो डबा हातात धरून गायचा. आता तो पंचमापासून षड्जापर्यंत सरळ उतरतो. पंचमाच्या वर, धैवतावर, अजून डगमगतो, पण ते जानेवारीत बघू.

दिवाळीनंतर वर्गातली सहा लेकरं आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली. नाताळला ती नसणार हे ठाऊक होतं, म्हणून सुट्टी लागायच्या आधल्या दिवशी त्यांच्यासाठी वर्गातच कार्यक्रम केला. ना पडदा, ना माईक. बाकं मागे सरकवली, आया जमिनीवर बसल्या, अडतीसच्या अडतीस गायले.

नाताळच्या कार्यक्रमात येशूच्या जन्माचं नाटुकलं आहे. पथिकाश्रमात जागा नाही, म्हणून बाळाला गव्हाणीत निजवतात. गव्हाणी काय असते हे इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मी विचारलं तर एकजण उठून म्हणाला, आमची सिमेंटची आहे, आणि बाळ निजवायचं तर खाली कडबा पाहिजे, नुसतं सिमेंट गार लागतं. तर कडबाही येणार आहे. मेंढपाळ हॉलच्या मागच्या दारातून येतील. पहिला येणारा आमचा शेळ्यांवाला. तो तिथूनच हाक देईल, आणि त्याच सुरावर स्टेजवरची लेकरं अभंग उचलतील. पेटीचा सूर द्यायचा नाही, असं मी ठरवलंय. तालमीत आठ वेळा केलं, सात वेळा बरोबर लागला.

कार्यक्रम २२ डिसेंबरला सकाळी दहाला आहे. तुम्ही दोघांनी २०लाच या. पाचोडला येऊन जालन्याची एसटी धरा, स्टँडवर यांना पाठवते, त्या आठवड्यात यांची रात्रपाळी आहे, दिवसा मोकळे असतात. आई, गुडघ्याचा पट्टा आणि रात्रीची गोळी विसरू नकोस. आमच्याकडे दोन जिने आहेत, पण मध्ये टेकायला खुर्ची ठेवली आहे.

बाबा, शाळेत टाळांचे चारच जोड आहेत, आणि त्यांतला एक फुटका बोलतो. भजनी मंडळाचे सहा जोड मागून आणा. आणि तालमीत लेकरांना टाळ कसा धरायचा ते तुम्हीच दाखवा. मी दाखवलं तर ती दोरी बोटाला करकचून गुंडाळतात आणि नाद दाबून टाकतात.

मोठ्या बाईंना मी सांगून ठेवलंय, उजव्या कडेची पहिली खुर्ची माझ्या वडिलांची. म्हणजे डावा कान स्टेजकडे राहील. हाक मागून येणार आहे, तेवढी मात्र मान वळवून ऐका.

तुमची लेक