पदव्युत्तर प्रवेशाचे नियम वर्षभर आधी कळावेत

महोदय,

राज्यातील संलग्न महाविद्यालयांत 2024-25 मध्ये नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या प्रथम वर्षाला दाखल झालेली पहिली तुकडी 2027 च्या उन्हाळ्यात तिसरे वर्ष पूर्ण करील, आणि आधीच्या कोणत्याही तुकडीपुढे न आलेला प्रश्न या मुलामुलींपुढे उभा राहील. तीन वर्षांची पदवी घेऊन दोन वर्षांच्या एम. ए., एम. कॉम. किंवा एम. एस्सी.ला जायचे, की चौथे वर्ष करून ‘ऑनर्स’ मिळवायचे आणि मग एकाच वर्षात पदव्युत्तर पदवी पूर्ण करायची? दोन्ही वाटांनी वर्षे पाचच लागतात, त्यामुळे वरवर पाहता फरक काहीच नाही असे वाटते. प्रत्यक्षात चौथे वर्ष पदवीचे धरायचे की पदव्युत्तरचे, यावर त्या वर्षाचे शुल्क, शिष्यवृत्ती, वसतिगृहातील जागा आणि मुलाला आपल्याच गावात शिकता येईल की नाही, हे सारे ठरणार आहे. मराठवाड्यातील एका तालुक्याच्या महाविद्यालयात मी बरीच वर्षे मराठी शिकवतो, पदवीचेही वर्ग घेतो आणि एम. ए.चेही. विद्यार्थ्यांना या निवडीबद्दल जे कळायला हवे ते प्रवेशाच्या खिडकीवर नव्हे, त्याच्या किमान वर्षभर आधी कळावे, एवढ्याच मागणीसाठी हे पत्र लिहीत आहे.

ही मागणी अनुभवातून आली आहे. पदव्युत्तर अभ्यासक्रमांना नवी रचना 2023-24 पासून लागू झाली. चार सत्रांत मिळून साधारण 88 श्रेयांक (क्रेडिट), पहिल्या सत्रात संशोधन पद्धती, दुसऱ्यात ‘ऑन जॉब ट्रेनिंग’, तिसऱ्या व चौथ्या सत्रात संशोधन प्रकल्प, आणि एका वर्षानंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची मुभा, असा तो आराखडा आहे. आराखडा म्हणून मला तो वाईट वाटत नाही, एम. ए. मराठीच्या विद्यार्थ्याने वर्गाबाहेर पडून भाषेचे काम कसे चालते ते पाहावे, ही कल्पना तर फार चांगली आहे. पण दुसऱ्या सत्रात चार श्रेयांकांचे, म्हणजे जवळपास 120 तासांचे, प्रत्यक्ष काम करायचे आहे हे आमच्या पहिल्या तुकडीला सत्र सुरू झाल्यावर कळले. तालुक्याच्या गावात प्रकाशनसंस्था नाही, आकाशवाणी केंद्र नाही, भाषांतराचे काम देणारी कचेरी नाही. एका विद्यार्थिनीला स्थानिक साप्ताहिकाच्या संपादकांनी बसायला जागा दिली. तिने दोन महिने प्रुफे तपासली, ग्रामपंचायतीच्या ठरावांच्या बातम्या लिहिल्या, आणि ऱ्हस्वदीर्घाच्या ज्या चुका मी तिच्या उत्तरपत्रिकांत दोन वर्षे लाल शाईने दाखवत होतो, त्या तिथे आपोआप सुटल्या. तिच्याच वर्गातील दुसऱ्या मुलाने मात्र ओळखीच्या दुकानदाराचा शिक्का मारलेले प्रमाणपत्र आणून दिले. तो मुलगा आळशी नव्हता. रोज सकाळी दूध घालून पहिल्या एसटीने येणाऱ्या त्या मुलाला हे 120 तास कुठे आणि कसे द्यायचे हे प्रवेशाच्या वेळी कोणी सांगितले असते, तर त्याने दिवाळीच्या सुट्टीत त्याची सोय लावली असती.

शुल्काच्या बाबतीत तर माहितीचा अभाव थेट घराच्या हिशेबावर येतो. आठ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील पात्र मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात आणि परीक्षा शुल्कात शंभर टक्के सवलत देण्याचा निर्णय राज्य शासनाने जुलै 2024 मध्ये घेतला. निर्णय स्वागतार्हच आहे. मात्र गावोगावी पोहोचले ते ‘मुलींचे शिक्षण माफ’ एवढेच. ‘व्यावसायिक’ हा शब्द वाटेत गळून गेला. त्या वर्षी प्रवेशाच्या दिवसांत एक वडील मुलीला घेऊन माझ्या विभागात आले. हातात कागदपत्रांची प्लास्टिकची पिशवी, त्यात उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेयर, टीसी, सगळे नीट घडी घालून ठेवलेले. “सर, पोरींचं शिक्षण माफ झालंय म्हणं,” असे ते म्हणाले, तेव्हा एम. ए. त्यात बसत नाही हे सांगण्याची पाळी माझ्यावर आली. मुलीने वडिलांकडे पाहिले नाही, माझ्याकडेही नाही. ती पिशवीतले कागद पुन्हा लावत राहिली. पुढे इतर शिष्यवृत्तीचा अर्ज भरून तिचा प्रवेश झाला, पण पहिला हप्ता भरण्यासाठी त्यांना उसनवारी करावी लागली.

पावतीवर एकच रक्कम नसते, हेही पालकांना आधी कळत नाही. शिक्षण शुल्काखाली ग्रंथालय, जिमखाना, पात्रता शुल्क, विद्यार्थी कल्याण निधी, आपत्ती व्यवस्थापन, अश्वमेध क्रीडा महोत्सव अशी ओळींवर ओळी असतात आणि त्यांतील कोणती ओळ सवलतीत धरली जाते, कोणती नाही, याचे उत्तर खिडकीवरचा लिपिकही खात्रीने देऊ शकत नाही. त्याचा दोष नाही. त्याच्यापर्यंत परिपत्रकच उशिरा येते. अभ्यासक्रम विनाअनुदानित तत्त्वावर चालत असेल तर त्याच इमारतीत, बहुतेक वेळा त्याच प्राध्यापकांकडून शिकण्यासाठी शुल्क कितीतरी जास्त भरावे लागते, आणि ‘विनाअनुदानित’ या शब्दाचा खरा अर्थ अनेक कुटुंबांना पावती हातात पडल्यावरच कळतो.

प्रवेश रद्द करताना होणारी ओढाताण याहून वाईट. माझ्या एका विद्यार्थ्याने जागा हातची जाऊ नये म्हणून जिल्ह्यातील एका महाविद्यालयात शुल्क भरून प्रवेश घेतला. नंतर विद्यापीठ परिसरातील विभागाच्या दुसऱ्या यादीत त्याचे नाव लागले. पहिल्या महाविद्यालयाने संपूर्ण वर्षाचे शुल्क भरल्याशिवाय टीसी देण्यास नकार दिला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या अधिसूचनेनुसार विद्यार्थ्याची मूळ कागदपत्रे अशी अडवून ठेवता येत नाहीत. प्रवेशाच्या अंतिम तारखेच्या 15 दिवस किंवा त्याहून आधी प्रवेश रद्द केला तर पूर्ण शुल्क परत मिळायला हवे, त्यानंतर हे प्रमाण 90, 80 आणि 50 टक्के असे उतरत जाते, आणि अंतिम तारखेनंतर 30 दिवस उलटून गेल्यावर काही मिळत नाही, अशी त्यात तरतूद आहे. त्यानंतरच्या काही वर्षी आयोगाने याहूनही उदार मुदती जाहीर केल्या. परंतु ही सारी मोजदाद ज्या ‘अंतिम तारखे’पासून करायची, ती तारीखच आपल्याकडे स्थिर नसते. पदवीचे निकाल लांबतात, मग पदव्युत्तर प्रवेशाला मुदतवाढ, तिला पुन्हा मुदतवाढ. 15 दिवस नेमके कोठून मोजायचे यावर मुलगा आणि कार्यालय यांच्यात वाद झाला तर कोणाचे म्हणणे चालते, हे सांगायला नको.

पीएच. डी. प्रवेशाची कथा वेगळी नाही. नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या गुणांवर पीएच. डी.ला प्रवेश देण्याचा निर्णय मार्च 2024 च्या अखेरीस जाहीर झाला आणि तो त्याच वर्षीच्या जूनच्या परीक्षेपासून लागू झाला. ती परीक्षा 18 जूनला झाली, दुसऱ्याच दिवशी रद्द झाली आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पुन्हा घेतली गेली. परीक्षा रद्द होणे कोणाच्या हाती नसेल, पण नियम लागू करण्यापूर्वी एक वर्षाचा अवकाश देणे नक्कीच हाती होते.

म्हणूनच 2027 च्या तुकडीबद्दल मला काळजी वाटते. त्यांच्या निवडीचे परिणाम पुढे पीएच. डी.पर्यंत जाणार आहेत. आयोगाच्या 2022 च्या विनियमांप्रमाणे चार वर्षांची पदवी 75 टक्के गुणांनी उत्तीर्ण झालेला विद्यार्थी थेट पीएच. डी. प्रवेशासाठी पात्र ठरतो. एरवी पदव्युत्तर पदवीला 55 टक्के लागतात, आणि राखीव प्रवर्गांना दोन्ही ठिकाणी पाच टक्क्यांची सूट आहे. चौथ्या वर्षी ‘संशोधनासह ऑनर्स’ घ्यायचे असेल तर पहिल्या सहा सत्रांतच 75 टक्के हवेत. म्हणजे ज्या मुलीला हा मार्ग घ्यायचा आहे तिला ही अट पहिल्या सत्रात माहीत हवी होती. सहाव्या सत्राच्या निकालानंतर ती कळून उपयोग काय? शिवाय चौथे वर्ष चालवण्यासाठी लागणारे प्राध्यापक, मार्गदर्शक आणि ग्रंथालय सर्वच महाविद्यालयांकडे नाही. अनेक ठिकाणी विभाग तासिका तत्त्वावरील शिक्षकांवर चालतो. आमच्या गावी चौथे वर्ष मिळणार नसेल तर मुलीला जिल्ह्याच्या ठिकाणी जावे लागेल, आणि घरातून परवानगी मिळण्याची शक्यता तिथेच निम्मी होते.

राज्यातील विद्यापीठांनी आपल्या विद्या परिषदेत, व्यवस्थापन परिषदेत आणि गरज पडल्यास अधिसभेत हा विषय आताच घ्यावा. कोणत्या महाविद्यालयात कोणत्या विषयाचे चौथे वर्ष सुरू होणार, एका वर्षाच्या आणि दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांच्या जागा स्वतंत्र असणार की एकत्र, चौथ्या वर्षाचे शुल्क प्रत्येक शीर्षकासह किती, महाडीबीटी या शासनाच्या संकेतस्थळावरील शिष्यवृत्त्या त्या वर्षाला लागू राहणार का, आणि तीन वर्षांनी बाहेर पडलेल्याला नंतर चौथ्या वर्षासाठी परत येता येईल का, याची उत्तरे मराठीत, एकाच पत्रकात, तृतीय वर्षाचे प्रवेश सुरू होण्यापूर्वी प्रसिद्ध व्हावीत. विद्यार्थी ज्या नियमांवर प्रवेश घेतो तेच नियम तो बाहेर पडेपर्यंत त्याला लागू राहतील, अशी एक ओळ त्या पत्रकात असावी. शासनाने शुल्क सवलतीची जाहिरात करताना ती कोणाला लागू नाही हेही तितक्याच ठळक अक्षरांत छापावे.

परवा तास संपल्यावर आमच्या पदवीच्या वर्गातील चार मुली थांबल्या होत्या. “सर, चौथं वर्ष इथंच होईल का, आणि फी किती पडेल?” एवढेच त्यांना विचारायचे होते. विद्यापीठाने मला ते लेखी कळवावे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते त्यांच्या वर्गातील फळ्यावर लिहून देईन.

— मराठीचा एक अध्यापक, मराठवाडा