आशाताईंच्या फॉर्मवरची खूण पुढे कुठे जाते?

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

स.न.वि.वि.

दीड वर्षापूर्वी आमच्या वस्तीवरच्या आशाताई तिशीपुढच्या सगळ्यांचा फॉर्म भरायला घरी आल्या. कमरेचा घेर मोजला, तंबाखूचं विचारलं, आणि मग प्रश्न आला : हातापायांना मुंग्या येतात का, बधिरपणा आहे का? आई म्हणाली, "मुंग्या कसल्या, मिरच्या कुटल्यागत बोटांच्या शेंड्यांची आग होती." ताईंनी 'हो'वर खूण केली आणि दवाखान्यात पाठवलं. त्यांचं काम त्यांनी चोख केलं. तक्रार आहे ती पुढची.

दवाखान्यात कातडीवर चट्टा आहे का ते पाहिलं. नव्हता. म्हणजे कुष्ठरोग नाही, विषय संपला. साखर मोजली, मधुमेहाच्या मेटफॉर्मिन या औषधाच्या महिन्याच्या गोळ्या हातात दिल्या. आई त्या आठ वर्षं घेते आहे. हाताला हात कुणी लावला नाही. मग खासगीत मणक्याचा एक्स-रे झाला आणि अधूनमधून लाल औषधाची सुई. कशासाठी ते विचारलं, तर "ताकदीची".

सहा महिन्यांत चोळीचे हुक लागेनात. सकाळी डोळे मिटून तोंडावर पाणी मारताना तोल जाऊ लागला. आम्ही म्हटलं, चक्कर असेल. शेवटी सोलापूरला एका डॉक्टरांनी लोखंडी चिमट्यासारखा कंपनकाटा ठोकून तिच्या अंगठ्याच्या हाडावर टेकवला. काटा थरथरताना तिला दिसत होता, जाणवत काहीच नव्हतं. रक्तात बी-१२, म्हणजे नसांना लागणारं जीवनसत्त्व, अगदी तळाला गेलेलं निघालं.

साहेब, यात दुर्मीळ असं काही नाही. मेटफॉर्मिन चांगलं औषध आहे, पण वर्षानुवर्षं घेतलं की आतड्यातून बी-१२ शोषलं जाणं कमी होऊ शकतं. हे जीवनसत्त्व मिळतं मांस, मासे, अंडी आणि दुधातून. आई माळकरी, अंडंही चालत नाही, आणि दूध चहापुरतं. यकृतातला साठा बराच काळ पुरतो, म्हणून दुखणं उशिरा उघडं पडतं. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी ४४१ मध्यमवयीन पुरुष तपासले होते. त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश जणांचं बी-१२ कमी होतं. ते निष्कर्ष २००६ साली छापून आले. ब्रिटनच्या औषध नियंत्रकांनी २०२२ मध्ये डॉक्टरांना कळवलं की मेटफॉर्मिन घेणाऱ्याला अशी लक्षणं दिसली तर बी-१२ तपासा. आपल्याकडे शाकाहारी माणसं किती, हे पंढरपूरच्या जिल्ह्यातल्या माणसानं वेगळं काय सांगायचं!

प्रत्येक मुंगी बी-१२ची नसते, हे मलाही कळतं. साखरेनं झिजलेल्या नसांचा त्रास बहुधा पायाच्या बोटांपासून सुरू होतो, हातांची पाळी नंतर येते. रात्री अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर होऊन झोप मोडत असेल, तर मनगटात नस दबलेली असू शकते. करंगळीकडची बाजू बधिर आणि कोपरातली नस जाड लागत असेल, तर चट्टा शोधायलाच हवा. पण ही निवड करायला पाच मिनिटं तरी हात हातात घ्यावा लागतो. स्पर्श कळतो का ते बघायला दहा ग्रॅमच्या दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा आणि तो १२८ हर्ट्झचा काटा, एवढीच हत्यारं. दोन्हींना वीज लागत नाही, तंत्रज्ञ लागत नाही. परिचारिकेला एका दुपारी शिकवता येतील.

म्हणून मागणी अशी : प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात ही दोन साधनं द्यावीत आणि मधुमेहाच्या रुग्णाचे हातपाय वर्षातून एकदा तरी तपासले जावेत. बरीच वर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्याला मुंग्या, आग किंवा तोल जाण्याचा त्रास असेल, तर बी-१२ची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत व्हावी, आणि तीही लाल सुई टोचण्याआधी. त्या सुईत बहुधा बी-१२च असतं; ती टोचली की आकडा काही काळ वर जातो आणि मूळ कमतरता होती की नाही, ते कागदावर दिसत नाही. शिवाय फॉर्मवर 'हो' असेल, तर रुग्णाला कुणी पाहिलं आणि काय आढळलं, याची नोंद त्याच फॉर्मला जोडलेली असावी.

उपचारानं आईचा तोल बराच सावरला. बोटांची आग कमी झाली, बधिरपणा मात्र राहिला. नसेला फार उशीर झाला की सगळं परत येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. जप करताना मणी बोटांना कळत नाही, म्हणून आता ती डोळे उघडे ठेवून माळ ओढते.

आशाताई पुन्हा फॉर्म घेऊन येतील. मुंग्यांच्या प्रश्नाला आई याही वेळी 'हो' म्हणणार आहे. ती खूण कुणाच्या टेबलावर जाईल, एवढं कृपया लेखी कळवावं.

आपला,
सोलापूर जिल्ह्यातला एक शेतकरी