यजमानाची संमती

चि. बाळ,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या कथेची वही मी दोनदा वाचली, आणि तुझ्या आईने एकदाच, पण हातात पेन्सिल घेऊन. जिचे सारे आयुष्य कवकशास्त्र, म्हणजे बुरशीचे शास्त्र, शिकवण्यात गेले अशी आई आणि एकाचे बोलणे दुसऱ्याच्या भाषेत पोहोचवण्यात ज्याची हयात गेली असा दुभाषा बाप, अशा घरात वाढलेल्या मुलीने परग्रहावरून आलेल्या बुरशीसारख्या देहाच्या राजदूताला एका सरकारी सचिवाच्या शरीरात गुपचूप वस्तीला आणावे, याचे आम्हाला नवल वाटले नाही. आनंद मात्र फार झाला. दूताचे एकटेपण तू ज्या ताकदीने लिहिले आहेस, विशेषतः मानवी डोळ्यांनी तो पहिल्यांदा अंधार पाहतो ते पान, ते वाचून आई बराच वेळ काही बोलली नाही.

तरीही हे पत्र लिहायला बसलो आहे, कारण वहीतील एक माणूस मला हरवलेला दिसतो. पहिल्या प्रकरणात दूताचे बीजाणू, म्हणजे बुरशीची धुळीसारखी बारीक बीजे, सचिवाच्या श्वासाबरोबर आत जातात, आणि त्यानंतर शेवटच्या पानापर्यंत तो सचिव कोठेही नाही. त्याचे हात आहेत, त्याचा आवाज आहे, त्याची सही आहे; तो स्वतः कोठे गेला, हा प्रश्न कथेत कोणीही विचारत नाही, दूत नाही आणि तूही नाहीस.

तू मुंगीचा दाखला दिला आहेस, म्हणून तेथूनच सुरुवात करतो. ऑफिओकॉर्डिसेप्स नावाची बुरशी सुतार मुंगीच्या शरीरात शिरते. निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी 1859 मध्ये इंडोनेशियातील सुलावेसी बेटावर तिचे नमुने गोळा केले होते. बाधा झालेली मुंगी आपली वसाहत सोडून भरकटते, थायलंडच्या जंगलातील निरीक्षणांप्रमाणे जमिनीपासून जेमतेम 25 सेंटिमीटर उंचीवरच्या एखाद्या पानाच्या खालच्या बाजूला जाते, शिरेत जबडा रुतवते आणि तेथेच मरते. मग काही दिवसांनी तिच्या मानेतून बुरशीचा देठ बाहेर पडतो आणि बीजाणू खाली सांडू लागतात. हे सगळे तू वाचलेले आहेस. पण 2017 मध्ये जे दिसले ते बहुधा तुझ्या नजरेतून सुटले असावे. संशोधकांनी अशा मुंग्यांच्या शरीराचे अतिशय पातळ काप घेऊन ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा स्नायूंच्या तंतूंभोवती बुरशीच्या पेशी एकमेकींना जोडून जाळे करून बसलेल्या आढळल्या, पायांत, छातीत, जबड्याच्या स्नायूंतही. मेंदूत मात्र एकही पेशी शिरलेली नव्हती. मेंदूवर तिचा परिणाम होत असेल तर तो रसायनांच्या वाटेने, बाहेरून होत असणार.

हे आईने मला समजावून सांगितले त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. मुंगीला यातले काय जाणवते यावर मी काही बोलणार नाही. पण तुझा दूत जर याच रीतीने राहत असेल, म्हणजे हातापायांत, जिभेत, घशात तो आणि मेंदू मात्र मोकळा, तर तुझा सचिव मेलेला नाही, झोपलेलाही नाही. तो जागा आहे. आपल्याच तोंडातून निघणारे दुसऱ्याचे शब्द तो ऐकतो आहे. तुझी कथा खरे म्हणजे येथून सुरू होते, असे मला वाटते.

आता यजमान या शब्दाकडे ये. आईच्या शास्त्रात परजीवी ज्याच्या शरीरावर जगतो त्या जीवाला यजमान म्हणतात, आणि माझ्या व्यवसायात परदेशी दूताला जे राष्ट्र आपल्या भूमीवर ठेवून घेते त्यालाही यजमान राष्ट्रच म्हणतात. घरात हा शब्द आम्ही दोघांनी आयुष्यभर वापरला आणि तो एकच शब्द आहे हे तुझी वही वाचेपर्यंत आमच्या लक्षात आले नव्हते. मूळचा यजमान म्हणजे यज्ञ करणारा, आपल्या जवळचे आपल्या हाताने देणारा. शास्त्राने हा शब्द मुंगीला लावला तेव्हा त्यातले देणे गळून गेले आणि फक्त घेतले जाणे उरले. राजनैतिक व्यवहारात मात्र देणे अजून शाबूत आहे.

18 एप्रिल 1961 रोजी व्हिएन्ना येथे स्वाक्षऱ्या झालेला राजनैतिक संबंधांविषयीचा करार एकदा सावकाश वाच. दूताची नेमणूक करण्यापूर्वी यजमान राष्ट्राची पूर्वसंमती घ्यावी लागते, आणि ती नाकारण्याचे कारण सांगण्याचे बंधन त्या राष्ट्रावर नाही. आलेल्या दूताला केव्हाही, कोणतेही कारण न देता, अवांछित ठरवून परत बोलावून घ्यायला लावता येते. यजमान राष्ट्राच्याच नागरिकाला दूत म्हणून नेमायचे असेल तर त्यासाठी वेगळी संमती लागते आणि तीही कधीही मागे घेता येते. ज्या 29व्या कलमाने दूताचे शरीर अनुल्लंघनीय ठरते, त्याला अटक करता येत नाही, त्याच्या देहावर आच येऊ देता येत नाही, त्या कलमाचा तुझ्या कथेत काय अर्थ लावायचा, यावर मी बराच विचार केला. कारण येथे अनुल्लंघनीय असा जो एकुलता एक देह आहे तो सचिवाचा आहे आणि त्याचे उल्लंघन दूताने आधीच केले आहे. या साऱ्या कलमांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: समोरच्याला नाही म्हणता आले पाहिजे. जेथे नाही म्हणता येत नाही तेथे आलेला माणूस कितीही सद्हेतूने आलेला असो, त्याला दूत म्हणता येणार नाही.

तुझ्या शेवटच्या प्रकरणातील शांतता करार तर याहून मोठ्या अडचणीत आहे. सचिवाच्या हाताने सही होते, दोन्ही जगे वाचतात आणि कथा संपते. पण करारांच्या कायद्याविषयी व्हिएन्ना येथेच 1969 मध्ये जो दुसरा करार झाला, त्याचे 51वे कलम सांगते की राष्ट्राच्या प्रतिनिधीवर बळजबरी करून मिळवलेल्या संमतीला कायद्याच्या दृष्टीने काहीही परिणाम नाही. ती सही पहिल्या क्षणापासून पोकळ आहे. शिवाय त्या टेबलावर दोन्ही बाजूंनी तुझा दूतच बसलेला होता. त्याने स्वतःशीच करार केला.

तू म्हणशील, बाबा, दूताला यात फसवणूक वाटतच नाही. हे तुझे म्हणणे मी आधीच मान्य करतो, कारण आईने मला सूक्ष्मदर्शकाखाली ते दाखवले आहे. काचपट्टीवर दोन बाजूंनी दोन कवकजाले वाढत येत होती, पांढुरक्या, काचेच्या नळीसारख्या तंतूंची. मध्ये केसाएवढे अंतर होते. आईने आधी वाढवलेल्या दुसऱ्या पट्टीवर ती भेट होऊन गेली होती: तंतूची टोके एकमेकांकडे वळली होती, मधली भिंत विरघळली होती आणि एकाचा जीवरस दुसऱ्यात मोकळा वाहत होता. नाते जुळले तर दोन जाले अशी एक होतात. नाते जुळले नाही तर जेथे स्पर्श झाला तेथील पेशी मरतात आणि दोघांमध्ये मृत पेशींची सीमारेषा तयार होते. अशा जिवाच्या जगात आत शिरणे हेच अभिवादन असणार, ओळख पटवण्याची दुसरी रीत त्याला माहीत नसणार. अमेरिकेतील ऑरेगनच्या जंगलात जमिनीखाली पसरलेली आर्मिलारिया ही एकच बुरशी सुमारे 9.6 चौरस किलोमीटर व्यापून आहे. अशा देहाला मी कोठे संपतो आणि दुसरा कोठे सुरू होतो, हा प्रश्न कसा पडावा? तुझा दूत दुष्ट नाही, हे तू मला पटवून दिले आहेस. पण म्हणूनच त्याला ते कळण्याचा क्षण कथेत हवा. भिंत विरघळली, जीवरस वाहिला, आणि पलीकडून कोणीतरी ओरडते आहे, हे त्याला एक दिवस ऐकू आले पाहिजे.

आपल्याकडे परकायाप्रवेशाच्या कथा आहेत, त्यांत शंकराचार्य अमरुक राजाच्या देहात शिरल्याची आख्यायिका तुला मी लहानपणी सांगितली होती. त्या देहातला राजा आधीच मेलेला होता, हे कथाकाराने किती काळजीपूर्वक ठरवले आहे ते पाहा. आणि प्रधानांना संशय कशावरून आला? राजा एकाएकी फार शहाणा झाला यावरून. तुझा सचिवही असाच एका रात्रीत शहाणा, संयमी आणि न्यायी होतो. त्याच्या कार्यालयातील एकालाही शंका येत नाही, हे मला पटले नाही. त्याच्या जुन्या चिडखोरपणाची आठवण काढणारे कोणीतरी तेथे असायला हवे.

हे मी इतक्या कळकळीने का लिहितो आहे, ते आता सांगतो. आजवर हे मी तुझ्या आईखेरीज कोणालाही सांगितलेले नाही.

दुभाषा बोलतो तेव्हा तो ‘मी’ असेच म्हणतो. ‘ते असे म्हणतात की’, अशी वाक्यरचना आमच्यात चालत नाही. बोलणारा ज्या पुरुषात बोलतो त्याच पुरुषात आम्ही बोलतो. त्याचा राग, त्याचा नकार, त्याची माफी, सगळे माझ्या तोंडून ‘मी’ म्हणून बाहेर पडते. तासन्तास आपले तोंड दुसऱ्याला द्यायचे, आणि ते शक्य होते ते एवढ्याच कारणाने की दोघांनाही हा व्यवहार ठाऊक असतो आणि मान्य असतो. एका बैठकीत, दोन्ही बाजू थकलेल्या असताना, मी ज्यांच्यासाठी बोलत होतो ते वृद्ध अधिकारी म्हणाले, हे आम्हाला मान्य नाही. मी म्हणालो, यावर आम्हाला विचार करावा लागेल. बोलणी तुटू नयेत, एवढाच माझा हेतू होता. समोरचे हसले, चहा आला, बैठक गोडीत संपली. दुसऱ्या दिवशी समोरून जो मसुदा आला तो त्या विचार करण्याच्या आशेवर उभा होता. वृद्ध गृहस्थांनी तो वाचला, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि मला अगदी शांतपणे विचारले, मी काल असे म्हणालो होतो का?

त्यांनी माझी तक्रार केली नाही. पण त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर जे होते ते मला आजही स्पष्ट दिसते: आपल्या नकळत आपल्या जागी कोणी दुसरेच बोलून गेले, आणि तेही आपल्या भल्यासाठी. एका वाक्यापुरता मी त्यांच्या आत शिरलो होतो. तुझ्या सचिवाच्या बाबतीत ते आयुष्यभरासाठी घडते आहे, आणि तू त्याला एकदाही हा प्रश्न विचारू दिलेला नाहीस.

आईच्या पेन्सिलीच्या खुणा वहीत दिसतीलच. त्यांतल्या दोन महत्त्वाच्या आहेत. पहिली तपमानाची. बहुतेक बुरशींना आपल्या शरीराची 37 अंश सेल्सिअसची ऊब सोसत नाही. 30 ते 40 अंशांच्या दरम्यान प्रत्येक अंशागणिक सुमारे 6 टक्के प्रकार वाढेनासे होतात, असे 2009 च्या एका अभ्यासात दिसले. दूत परग्रहावरचा असल्यामुळे त्याला खरे तर बुरशी म्हणणेच चुकीचे, असे आईचे म्हणणे आहे. पण स्वभाव बुरशीचा ठेवायचा असेल तर त्याला सचिवाचे शरीर थोडे थंड करून राहावे लागेल. मग हस्तांदोलन करणाऱ्याला तो हात गार लागेल, आणि सचिवाला एखाद्या दिवशी ताप चढला तर ती त्याची एकमेव बंडखोरी ठरेल. दुसरी खूण औषधाची. प्राणी आणि बुरशी वंशवृक्षावर वनस्पतींपेक्षा एकमेकांच्या अधिक जवळ आहेत, त्यामुळे बुरशीला मारणारे औषध माणसाला न दुखवता देणे अवघड असते. ॲम्फोटेरिसिन बी हे औषध बुरशीच्या पेशीपटलातील एर्गोस्टेरॉल या स्निग्ध द्रव्याला पकडते, पण आपले कोलेस्टेरॉल त्याच्याच जातकुळीचे, आणि रुग्णाच्या मूत्रपिंडांना त्याची झळ बसू शकते. दूताला बाहेर काढणे म्हणून तुला वाटते तेवढे सोपे राहणार नाही. त्याला स्वतःहूनच निघावे लागेल.

शेवटच्या प्रकरणात सहीच्या प्रसंगी तू एक वाक्य लिहिले आहेस, आणि मला वाटते की लिहून लगेच विसरलीस: सचिवाच्या डाव्या हाताची करंगळी टेबलावर हलकेच आपटत होती. दूताला सही करायला उजवा हात लागतो आणि बोलायला जीभ; डाव्या करंगळीचे त्याला काही काम नाही. पुढे कोठेही तिचा उल्लेख नाही. मी त्या ओळीखाली रेघ ओढली आहे. वही उद्या पाठवतो आहे. ते पान काढ आणि ती करंगळी कोण हलवत होते, ते लिही.

तुझा,
बाबा