पिकअपच्या डाल्यातल्या मजुरांना एरियलचं कोण सांगणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

फेब्रुवारी लागला की आमच्या मूल तालुक्यात वणव्याची धास्ती सुरू होते. जाळरेषा, म्हणजे वणवा अडवणारी मोकळी पट्टी, काढायला मजूर निघतात आणि त्यांच्यासोबत वनखात्याच्या कामावरच्या, वायरलेस लावलेल्या गाड्या. यातल्या बऱ्याच भाड्याच्या. माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान रस्त्यालाच असल्याने फ्यूज उडाला, माईक बिघडला की त्या माझ्याकडे येतात.

परवा आलेल्या पिकअपचं चुंबकाचं एरियल केबिनच्या टपावर, पण अगदी मागच्या काठाला चिकटवलं होतं. मजूर जो पाइप धरून डाल्यात उभे राहतात, त्याच्यापासून वीतभर अंतरावर. वर कोणीतरी डब्याची पिशवी अडकवलेली. मी हटकलं तर एक जण म्हणाला, "काही नाही होत ना भाऊ, मुकाच रायते तो." ड्रायव्हर म्हणे, केबल तिथवरच पुरली.

मुका राहतो तोवर खरंच काही होत नाही. वायरलेसचा सेट नुसता ऐकत असतो तेव्हा एरियलमधून काहीच बाहेर पडत नाही. माईकचं बटण दाबलं की पडतं, आणि गाडीतला सेट सहसा 25 वॉट किंवा त्याहून जास्तीचा. जंगलातल्या गार्डच्या हातातला वॉकीटॉकी 5 वॉटच्या आसपास असतो. तोसुद्धा तोंडापासून इंचभर लांब धरा, असं कंपनी सांगते. या रेडिओ लहरी एक्स-रेच्या जातीच्या नाहीत, त्यांचा सिद्ध झालेला परिणाम म्हणजे शरीर तापणं. डोळ्यांना रक्तपुरवठा कमी, म्हणून तिथली उष्णता लवकर निघून जात नाही. एरियलचा प्लास्टिकचा कोट फाटलेला असला आणि बोलणं चालू असताना बोट लागलं, तर चांगलाच चटका बसतो.

सेटच्या पुस्तिकेत एफसीसीच्या, म्हणजे अमेरिकेत वायरलेसचे नियम ठरवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, मर्यादा दिलेल्या असतात. 30 ते 300 मेगाहर्ट्झ या पट्ट्यात माणसाचं शरीर या लहरी सर्वांत जास्त शोषतं, म्हणून मर्यादाही तिथेच सर्वांत कडक. आपले व्हीएचएफ सेट याच पट्ट्यातले. माहिती देऊन, शिकवून कामावर ठेवलेल्या माणसासाठी दर चौरस सेंटिमीटरला 1 मिलिवॉट, बाकी सगळ्यांसाठी 0.2. म्हणजे पाचवा हिस्सा. आता बघा, माईक धरणारा साहेब पत्र्याच्या टपाखाली बसलेला, म्हणजे बराचसा आडोशाला. डाल्यातल्या मजुराला कोणी काही शिकवलेलं नाही, त्याला कमी मर्यादा लागू, आणि एरियलला कान लावून तोच उभा!

मोठ्या ताकदीच्या सेटला एरियलपासून तीनेक फूट अंतर ठेवा, असं पुस्तिकेत लिहिलेलं असतं. पुस्तिका इंग्रजीत, आणि ती डॅशबोर्डच्या खणात. गावात मोबाइल टॉवर येतो म्हटलं की ग्रामसभेत ठराव होतात, तुमच्या पेपरात फोटो येतो. तो अँटेना झाडाच्या शेंड्याएवढ्या उंचीवर असतो. अंतर दुप्पट झालं की लहरींचा जोर साधारण चौथाईवर येतो, हे ध्यानात घेतलं तर आधी कुठे बघायचं ते कळतं.

बोलेरोत एरियल टपाच्या बरोबर मध्ये लावलं की आतल्यांचं काम भागतं. पिकअपमध्ये तेवढ्याने भागत नाही, कारण माणसं मागे उभी. एरियल जमेल तितकं पुढे घ्यावं, सेटला कमी ताकदीची सोय असेल तर तीच वापरावी, आणि मजूर एरियलजवळ असतील तर ते लांब होईस्तोवर बटण दाबू नये. त्या गाडीची केबल मी बदलून दिली. भाडं ठरवणाऱ्यांनी करारातच एक ओळ टाकली तर प्रत्येक गाडीला माझ्या दुकानी यायची गरज नाही. सूचना मात्र मराठीत, डाल्याच्या फाळक्यावर रंगवलेली हवी.

आणखी एक. वाटेत विहिरीचं किंवा खाणीचं ब्लास्टिंग चालू असेल आणि सुरुंगाला विजेची टोपी (डिटोनेटर) लावलेली असेल, तर सेट आधीच बंद करावा. लहरींमुळे टोपीच्या तारांत करंट येऊन सुरुंग अवेळी उडू शकतो. तिथे लावलेली 'वायरलेस बंद ठेवा' ही पाटी त्यासाठीच असते.

आपला,
एक ऑटो इलेक्ट्रिशियन,
मूल, जि. चंद्रपूर