ते लाकूड शोभेचे नव्हते

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला जुन्या ब्रिटिश मोटारींवरचा लेख वाचला. रोल्स-रॉईस, बेंटली, जग्वार यांना भरपूर जागा आणि मॉरिस मायनरला जेमतेम दोन ओळी. त्यातही तिच्या ‘ट्रॅव्हलर’ या स्टेशन वॅगनचे लाकूड निव्वळ शोभेचे होते, असे म्हटले आहे. मी बरीच वर्षे ऑक्सफर्डला राहतो आणि १९६७ सालची ट्रॅव्हलर आजही चालवतो, म्हणून हे पत्र.

शोभेचे लाकूड होते ते मिनीच्या वॅगनला. १९६० मध्ये आलेल्या त्या गाडीच्या पत्र्यावर लाकडी पट्ट्या नुसत्या चिकटवलेल्या असत. मायनर ट्रॅव्हलर १९५३ ची. पुढच्या दारांच्या मागे तिचा सांगाडाच ॲश लाकडाचा आहे. ॲल्युमिनियमचे पत्रे त्या चौकटीत बसवलेले, मागची दोन दारेही कपाटासारखी त्याच चौकटीला लावलेली. लाकूड कुजले की गाडीचा कणाच गेला. इथल्या वार्षिक तपासणीत कुजक्या लाकडापायी गाड्या नापास होत.

मी गाडी घेतली तेव्हा ताज्या वॉर्निशने ती झळकत होती. मागच्या चाकाच्या कमानीवर, सांध्यापाशी, रुपयाएवढा काळा डाग होता. घरी आणल्यावर त्यावर स्क्रू-ड्रायव्हरचे टोक टेकवले, तर चहात भिजलेल्या बिस्किटात जावे तसे ते आत गेले. सरकत्या काचांच्या खोबणीत शेवाळ धरले होते. पाणी तिथे तुंबते आणि हळूहळू खालच्या सांध्यात उतरते. ती अख्खी बाजू उतरवून नवी बसवण्यात एका सुतारासोबत माझा सबंध हिवाळा गेला. ज्याने हे केले आहे, त्याला ‘शोभेचे’ हा शब्द फार लागतो.

मायनर १९४८ च्या लंडनच्या मोटार प्रदर्शनात आली. आराखडा ॲलेक इसिगोनिस यांचा. पुढे १९५९ ची मिनीही त्यांचीच. नमुना तयार झाल्यावर गाडी अरुंद वाटते म्हणून त्यांनी ती लांबीत मधोमध कापायला लावली आणि दोन्ही अर्धे एकमेकांपासून चार इंच दूर सरकवून पाहिले. प्रमाण जुळले. बॉनेटवरून आडवा हात फिरवला की मधली चार इंचांची पट्टी आजही बोटांना लागते. मॉरिस कंपनीचे संस्थापक लॉर्ड नफील्ड यांना मात्र गाडी मुळीच आवडली नाही. ‘पोच केलेले अंडे’ म्हणून त्यांनी तिची संभावना केली. लोकांनी ती घेतली. हलके, नेमके स्टिअरिंग, कमी पेट्रोल आणि मागची सीट पाडली की शिडीपासून पाळण्यापर्यंत काहीही मावेल अशी वॅगन. शिक्षक, परिचारिका, शेतकरी अशा माणसांची ती गाडी. दहा लाखांचा आकडा गाठणारी ती पहिली ब्रिटिश मोटार. त्या निमित्ताने फिकट जांभळ्या रंगाच्या सुमारे ३५० खास गाड्या काढल्या गेल्या. ट्रॅव्हलर १९७१ पर्यंत बनत राहिली.

आपल्या वाचकांना तर ही कहाणी परकी नाही. मायनर आपल्याकडे ‘बेबी हिंदुस्थान’ नावाने धावत होती. ऑक्सफर्डजवळच्या काउलीच्या कारखान्यात मायनरच्या बरोबरीने मॉरिस ऑक्सफर्ड बनायची. तिच्याच तिसऱ्या आवृत्तीवरून पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाड्याला १९५७ मध्ये अँबॅसडर सुरू झाली आणि २०१४ पर्यंत चालली. इंग्लंडमध्ये जी गाडी केव्हाच विस्मरणात गेली, तिच्या मागच्या सीटवर आपण पाच-पाच जण बसून लग्नांना गेलो आहोत. हे नाते लेखात यायला हवे होते.

तेव्हा विनंती अशी, की लाकडाबद्दलची दुरुस्ती छापावी आणि एखाद्या रविवारी या घरगुती गाड्यांना पूर्ण पान द्यावे. वाचकांपैकी कुणाच्या घरी बेबी हिंदुस्थान होती, त्यांना फोटो पाठवायला सांगावे. माझ्या गाडीचा उघडा सांगाडा, पत्रे चढवण्याआधीचा, मी टिपून ठेवला आहे. तो मी आनंदाने देईन.

आपला,
एक वाचक, ऑक्सफर्ड