डोळा ताणून काढलेली विंग सरळ येत नाही

महोदय,

नवरात्र किंवा लग्नसराई जवळ आली की पुरवण्यांमध्ये ‘घरच्या घरी विंग आयलायनर’ (विंग म्हणजे डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यातून वर निघणारी लायनरची रेघ) अशी चौकट हमखास येते. त्यातली पहिली सूचना बहुतेक वेळा एकच असते: डोळा मिटा, कोपरा बोटाने कानाकडे ताणून धरा आणि रेघ ओढा. आमची कळकळीची विनंती आहे की ही सूचना यापुढे छापू नये. आम्ही रंगभूषा शिकवतो. घरी काढलेली विंग वाकडी येते त्याला हात थरथरण्यापेक्षा ही ओढाताण जास्त जबाबदार असते.

पापणीची त्वचा फार पातळ आणि सैल असते. ती ताणली की रेघ सरळ दिसते. बोट सोडले की त्वचा जागेवर परतते, रेघ आखडते, तिला लाटा पडतात आणि टोक खाली उतरते. डोळा मिटून काढलेल्या विंगेची गतही तशीच. डोळा उघडला की ती पापणीच्या घडीत शिरते आणि बाहेर नुसता ठिपका उरतो. म्हणून विंगेची जागा ठरवायची ती डोळे उघडे ठेवून, आरशात सरळ समोर बघत, चेहरा सैल सोडून. भुवयाही उंचवायच्या नाहीत. वयामुळे पापणी सैल झाली असेल तर भुवई बोटाने अलगद वर धरावी, पण कोपरा बाजूला ओढू नये.

त्याआधी पापणी कोरडी हवी. क्रीम किंवा सनस्क्रीन लावून लगेच लायनर लावले तर तेलकट थरामुळे ते तासाभरात सुटते आणि वरच्या घडीवर त्याचा छाप उमटतो. मुंबई-कोकणच्या दमट हवेत तर हे नक्कीच होते. टिश्यूने पापणी टिपून घ्या, कन्सीलरचा (डाग झाकणाऱ्या क्रीमचा) अगदी पातळ हात फिरवा आणि त्यावर चिमूटभर पावडर बसवा. पावडर जास्त झाली तर ती पेन लायनरच्या टोकात अडकते, शाई यायची थांबते आणि पेन संपले असे वाटते. अशा वेळी टोक टिश्यूवर हलकेच पुसले की पुन्हा चालू होते. पेन नेहमी टोक खाली करून ठेवावे.

शिकणाऱ्यांसाठी पेन, नाहीतर डबीतले जेल आणि तिरका कापलेला चपटा ब्रश सोयीचा. बाटलीतले पातळ लायनर चमकदार दिसते, पण चूक सुधारायला वेळच देत नाही. पेन्सिल मेणकट असते आणि घामाने पसरते. तपकिरी पेन्सिलने आधी आराखडा काढून घ्यायला मात्र ती उत्तम.

आता दिशा. खालच्या पापणीची कड बाहेरच्या कोपऱ्यातून तशीच पुढे भुवईच्या टोकाकडे गेली असती तर जिथून गेली असती, ती विंगेची रेघ. रोजच्यासाठी कोपऱ्यापासून ५ ते ७ मिलिमीटर पुरतात. दोन्ही डोळ्यांच्या बाजूंना आधी फक्त टोकाचे ठिपके द्या आणि हातभर मागे सरून बघा. एक डोळा पूर्ण करून दुसऱ्याकडे वळलात की बरोबरी करता करता दोन्ही रेघा जाड होत जातात. ठिपक्यांची उंची नजरेने जुळवा, पट्टीने मोजू नका, कारण दोन्ही डोळे मुळातच तंतोतंत सारखे नसतात.

ठिपके जुळले की हातांची कोपरे टेबलावर टेकवा, करंगळी गालावर ठेवा आणि रेघ टोकाकडून डोळ्याकडे आणा. उलट दिशेने गेलात तर टोक बोथट होते. मग त्या रेघेच्या वरच्या बाजूने पापणीच्या मध्याकडे दुसरी रेघ घेऊन मधला त्रिकोण भरा. पापणीच्या कडेची रेघ काढताना आरसा हनुवटीच्या खाली धरा आणि हनुवटी जरा वर करून त्यात खाली बघा. डोळा न मिटता, न ताणता कड समोर येते. आतल्या कोपऱ्याकडे रेघ केसाएवढी बारीक ठेवा. तिथे जाडी वाढली की डोळे जवळ-जवळ दिसू लागतात. झाल्यावर अर्धा मिनिट नजर खालीच ठेवा, ओल्या लायनरवर घडी बसू देऊ नका.

ज्यांच्या पापणीची घडी बाहेरच्या कोपऱ्यावर उतरते, त्यांना छापील चित्रे सर्वांत जास्त फसवतात. अशा डोळ्यांवर विंग घडीवरून सरळ पुढे न्यावी. डोळा मिटल्यावर तिथे खाच दिसेल, ती तशीच राहू द्यावी. डोळा उघडला की रेघ सलग दिसते. कोपरे मुळातच खाली झुकलेले असतील तर विंग कोपऱ्याच्या २-३ मिलिमीटर आधीच वर वळवावी. मायनस नंबरच्या चष्म्यात डोळे लहान दिसतात, तेव्हा रेघ थोडी जाड चालते. प्लस नंबरमध्ये ती बारीकच हवी, कारण भिंगातून प्रत्येक चूकही मोठी दिसते.

चूक झाली तर ओले असताना पुसू नये, काळा डाग पसरतो. सुकू द्या, मग मायसेलर वॉटरमध्ये (मेकअप उतरवण्याच्या पाण्यात) बुडवून पिळलेल्या कापसाच्या काडीने विंगेच्या खालून टोकाच्या दिशेने एकदाच ओढा, मागेपुढे घासू नका. रेघ धारदार यावी म्हणून चिकटपट्टी लावण्याचा सल्लाही सरसकट देण्यासारखा नाही: पट्टी नीट बसली नाही तर शाई खाली झिरपते आणि काढताना त्वचा दुखावते. जुने व्हिजिटिंग कार्ड टेकवून तीच धार मिळते.

डोळ्यांच्या काळजीबद्दल या चौकटींत सहसा ओळही नसते. पापणीच्या आतल्या कडेवर, केसांच्या आत, अश्रू टिकवणारे तेल सोडणाऱ्या ग्रंथींची तोंडे असतात. लायनर केसांच्या बाहेरच थांबवावे. कॉन्टॅक्ट लेन्स मेकअपआधी घालाव्यात आणि मेकअप उतरवण्याआधी काढाव्यात. लायनर कुणाशी वाटून घेऊ नये, सुकलेल्या जेलमध्ये पाणी घालू नये, डोळे आले असतील तर त्या काळात वापरलेले लायनर टाकून द्यावे. वेष्टनावर उघड्या डबीच्या चित्रात ‘६एम’ लिहिले असेल तर उघडल्यापासून ६ महिनेच ते वापरायचे. रंगासाठी शिशाची संयुगे घातलेल्या सौंदर्यप्रसाधनांना भारतात मनाई आहे, तरी सुट्ट्या सुरम्यात शिसे सापडते; परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत न छापलेले काजळ-लायनर घेऊच नये. रात्री उतरवताना, वॉटरप्रूफ असेल तर तेलयुक्त रिमूव्हरचा कापूस मिटल्या डोळ्यावर १५-२० सेकंद नुसता ठेवावा आणि मग वरून खाली अलगद पुसावे.

— रंगभूषा शिकवणाऱ्या दोन वाचक, ठाणे