राजीनाम्याआधी: विमा, पीएफ, पेन्शन

सदस्यांनो, पन्नाशीच्या आसपास नोकरी सोडून स्वतःचं काही सुरू करणाऱ्यांनी एवढं आधी उरकावं. कंपनीचा आरोग्य विमा बहुधा शेवटच्या दिवशीच संपतो. मधुमेह, बीपी असेल तर नव्या पॉलिसीत त्यासाठी ३ वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणून पगार चालू असतानाच वैयक्तिक पॉलिसी घ्या. आजार मात्र लपवू नका, क्लेम तिथेच अडकतो.

पीएफ खात्यावर नोकरी सोडल्याची तारीख चढली का पाहा. कंपनीने टाकली नसेल तर शेवटच्या वर्गणीनंतर २ महिन्यांनी स्वतः ऑनलाइन टाकता येते. १० वर्षं सेवा झाली असेल तर पीएफसोबतच्या पेन्शनचे पैसे एकरकमी मिळत नाहीत. पूर्ण पेन्शन ५८ व्या वर्षी. पन्नाशीनंतर लवकर घेतल्यास ५८ ला जितकी वर्षं कमी, त्या दर वर्षामागे ४ टक्के कपात, तीही कायमची!